हप्ता कुणाच्या नावाने?

डिसेंबरच्या अंकात मी एवढंच विचारलं होतं, की नव्या वर्षासाठी काय ठरवताय आणि कुणासाठी. आलेल्या पत्रांतली सहा इथे घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी माझी ओळख सांगते. मी सांगलीत २९ वर्षं पोस्टाच्या आरडीची, म्हणजे दर महिन्याला हप्ता भरायच्या बचतीची, एजंट होते. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेची कार्डं पिशवीत घालून गावभाग, खणभाग, विश्रामबाग अशी दारोदार फिरायचे. दर महिन्याला तेच दार आणि तीच माणसं. माणसं काय ठरवतात आणि त्यातलं काय पार पडतं, हे मी त्या उंबऱ्यांवर बसून पाहिलं. माझ्याजवळ आहे ते एवढंच.

काकू, मी २७ वर्षांचा, मूळचा बार्शीचा, नोकरी हिंजवडीत. दर १ जानेवारीला बारा गोष्टी लिहितो : आठ किलो वजन कमी करणे, जर्मन शिकणे, तीस पुस्तकं, दहा हजारांची एसआयपी वगैरे. दहाव्या नंबरला कायम ‘समाजासाठी काहीतरी करणे’ असतं. फेब्रुवारी उजाडेपर्यंत सगळं बारगळलेलं असतं. एसआयपी तेवढी चालू राहते, कारण ती बँकेतून आपोआप जाते. गेल्या वर्षी बाबांना शुगर निघाली. तेव्हापासून वाटतंय, की मी फक्त स्वतःपुरता जगतोय. सुरुवात कुठून करू?
— एक इंजिनिअर, हिंजवडी

बाळा, आरडी पाच वर्षांची असते. साठ हप्ते. नवं खातं उघडताना मी प्रत्येकाला विचारायचे, ‘कशासाठी?’ फॉर्मवर तो रकाना नव्हता, मी माझ्या वहीत लिहून ठेवायचे. पुढे पुढे त्या वहीकडे बघून मला आधीच कळायला लागलं, कोणतं खातं साठाव्या हप्त्यापर्यंत जाणार. ‘अशीच आपली बचत’ असं लिहिलेली खाती तीन वर्षं झाली की मोडायची, कारण तीन वर्षांनी ती मोडता येतात. ‘आईचं मोतीबिंदू’, ‘धाकटीचं नर्सिंग’ असं लिहिलेली खाती मोडत नव्हती. एक पापड लाटणाऱ्या बाई होत्या. महिन्याला पन्नास रुपये, धाकट्या बहिणीच्या शिक्षणासाठी. एका पावसाळ्यात त्यांचे सलग तीन हप्ते चुकले. चार चुकले की खातं बंद पडतं, हे त्यांना पाठ होतं. चौथ्या महिन्याच्या पंचवीस तारखेला त्या स्वतः माझ्या घरी आल्या, पदराच्या गाठीत चारही हप्ते आणि वरचा दंड बांधून.

यावरून मी बरीच वर्षं असं समजत होते, की दुसऱ्यासाठी ठरवलेलं टिकतं आणि स्वतःसाठीचं टिकत नाही. मग एक मुलगा भेटला. किराणा दुकानात पुड्या बांधायचा आणि संध्याकाळी गाणं शिकायचा. त्याला मिरजेच्या सतारमेकर गल्लीतला तंबोरा हवा होता, फक्त स्वतःसाठी. साठपैकी एक हप्ता चुकला नाही. दर महिन्याला पैसे देताना तो मला सांगायचा, की परवा जाऊन भोपळा बघून आलो, आता त्याला रंग लावलाय. तेव्हा माझा आधीचा हिशेब मी दुरुस्त केला. बहिणीचा चेहरा असो नाहीतर तंबोऱ्याचा भोपळा, हप्ता देताना तो डोळ्यांसमोर दिसला पाहिजे.

आता तुझी यादी घे. ‘काहीतरी’ हा शब्द आधी खोड. काहीतरीला चेहरा नसतो आणि तारीख तर नसतेच. त्याजागी लिही : रक्तदान, वर्षातून चार वेळा.

हे का सुचवते ते नीट ऐक. आपल्याकडे रक्तदान म्हणजे शिबिर. पुढाऱ्याचा वाढदिवस असतो, मांडव पडतो आणि एका दिवसात शेकड्यांनी पिशव्या जमतात. पण रक्त हे काही बँकेत ठेवायची चीज नाही. तांबड्या पेशी, कोणत्या द्रावणात ठेवल्यात त्याप्रमाणे, ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट्स पाचच दिवस. ज्या मुलाला थॅलेसेमिया आहे त्याला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, आणि ते जन्मभर. त्याला तुझं रक्त फेब्रुवारीत हवं तसंच मे महिन्यातही हवं. एप्रिल-मेमध्ये कॉलेजं बंद, माणसं गावाला, आणि रक्तपेढ्यांची कपाटं रिकामी होतात, हे दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रात वाचतोसच. म्हणून या दानाला हप्ताच लागतो. पुरुषांना तीन महिन्यांनी देता येतं, बायकांना चार महिन्यांनी. वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन साडेबारा. कॅलेंडरवर आत्ताच चार खुणा कर : जानेवारीचा शेवट, एप्रिलचा शेवट, जुलैचा, ऑक्टोबरचा. एप्रिलची खूण लाल पेनाने कर.

वजनाचंही सांगते. बाबांना डॉक्टरांनी चालायला सांगितलं असेलच. तू हिंजवडीत चाल, ते बार्शीत चालतील. सकाळी साडेसहाला फोन कानाला लावायचा आणि पाऊण तास दोघांनी चालायचं. बोलायला काही नसलं तरी चालेल. तुला झोप आवरणार नाही त्या दिवशी ते चप्पल घालून अंगणात थांबलेले असतील, आणि तुला ते माहीत असेल. आठ किलोचा आकडा खोडलास तरी हरकत नाही.

जर्मनचं मला काही कळत नाही. ती कशासाठी हवी ते एका ओळीत लिहून बघ. ओळ जमली नाही तर यंदा राहू दे. बारा गोष्टी फार झाल्या. माझ्या खातेदारांपैकी तीनपेक्षा जास्त कार्डं एका वेळी कुणी निभावलेली मला आठवत नाहीत.

काकू, मी गृहिणी, वय ४१. मिस्टरांचे यंत्रमाग आहेत. मला द्यायची फार इच्छा होते, पण मी कमवत नाही. घरखर्चातून वाचवून कुणाला दिलं, तर ते माझं दान कसं म्हणायचं? मुलगी नववीत आहे.
— एक वाचक, इचलकरंजी

ताई, ‘मी कमवत नाही’ हे वाक्य मी २९ वर्षांत इतक्या दारांत ऐकलं, की तुमचं पत्र वाचून जुनं दुखणं वर आलं. घरखर्चातून जे वाचतं ते तुमच्या हातामुळे वाचतं. भाजी कुठल्या वेळेला घ्यायची, कुठली डाळ कितीला पडते, हे तुम्हाला कळतं म्हणून वाचतं. ते तुमचंच आहे. मिस्टरांपासून लपवू मात्र नका. लपवून दिलेलं मनाला टोचत राहतं, आणि मग एक दिवस देणंच बंद होतं.

मोठी रक्कम नाही म्हणून थांबू नका. पणजीत मुष्टिफंड नावाची शिक्षणसंस्था आहे. नावातच तिची गोष्ट आहे : स्वयंपाकाचे तांदूळ घेताना मूठभर बाजूला काढायचे आणि ते शाळेसाठी द्यायचे. ती मूठ कोण काढत असणार? डब्यात रोज हात घालणारी बाईच. इकडे तळेगाव दाभाड्यात १९०८ साली काचेचा कारखाना उभा राहिला तो पैसा फंडातून. अंताजी दामोदर काळे हे शाळामास्तर. प्रत्येकाने देशी उद्योगांसाठी वर्षाला एक पैसा द्यावा, असं त्यांनी काढलं. टिळकांनी ते उचलून धरलं. वर्षाला एक पैसा! मला त्यात काळ्यांच्या चिकाटीइतकंच त्या मागण्याचं कौतुक वाटतं. इतकं कमी मागितलं, की नाही म्हणायची सोयच कुणाला राहिली नाही, आणि दिल्यावर कारखाना आपला वाटायला लागला. तुम्हीही डबा तेवढाच लहान ठेवा.

पैशाशिवायही तुमच्याकडे एक गोष्ट आहे. तुम्ही पत्र सुरेख अक्षरात लिहिलंय, म्हणजे वाचताही सुरेख येत असणार. अंध विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकं आणि नोट्स आवाजात ध्वनिमुद्रित करून लागतात. मोबाइल पुरतो. दुपारी माग चालू असताना आवाज येत असेल, तर पहाटे करा. आणि तुमची लेक नववीत आहे म्हणता. दहावीला बसणाऱ्या अंध मुलांना लेखनिक लागतो, तो त्यांच्यापेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो, आणि नववीच्या मुलांची स्वतःची परीक्षा तोंडावर असल्यामुळे तो मिळता मिळत नाही. जवळच्या अंधशाळेत दोघी जाऊन विचारा. परीक्षा जवळ आली आहे, तेव्हा याच आठवड्यात जा.

काकू, आमच्या सोसायटीत संक्रांतीला साठेक बायका हळदीकुंकवाला येतात. प्रत्येकीकडून प्लास्टिकची डबी, गाळणी, साबणदाणी. माझ्या कपाटात एकोणीस गाळण्या आहेत. यंदा वेगळं काय लुटू? आणि दुसरं : माझी धाकटी जाऊ दोन वर्षांपूर्वी विधवा झाली. ती शेजारच्याच इमारतीत राहते. तिला बोलवायचं मनात आहे, पण सासूबाई आणि बाकीच्या काय म्हणतील?
— एक वाचक, नाशिक

दुसरं आधी. बोलवा. फोन करू नका, स्वतः जा, आणि ती आली की पहिलं कुंकू तिला लावा. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढून घेणं हे गावात बंद. त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही त्यांचं अनुकरण करायला सांगितलं. एका गावाला जे ग्रामसभेत हात वर करून जमलं, ते तुम्हाला तुमच्या दिवाणखान्यात जमेल. सासूबाईंना आदल्या दिवशी सांगा. विचारू नका, सांगा. आणि जावेला आधी विचारा, की तुला यायला आवडेल का. तिला नकोसं वाटत असेल तर तिच्याकडे तिळगूळ घेऊन जा आणि बसा तासभर.

वाणाचं सोपं आहे. साठ जणींचे पन्नास धरले तरी तीन हजार होतात. सोसायटीत झाडलोट आणि धुणीभांडी करायला येणाऱ्या बायका किती आहेत ते मोजा. त्यांना हळदीकुंकवाला बोलवा, पाहुण्या म्हणून, खुर्चीवर. त्यांना काय हवंय ते विचारून तेवढंच वाण त्यांना द्या, बाकीच्यांना तिळगूळ. एकोणीस गाळण्यांच्या धनीणबाईंना विसावी दिली नाही म्हणून कुणी रुसणार नाही.

नमस्कार. मी निवृत्त शिक्षक, वय ७३. पत्नी गेल्या आषाढात गेली. तिच्या स्मरणार्थ दोन लाख रुपये द्यायचे ठरवून एका मुलींच्या वसतिगृहात गेलो. एका खोलीला तिचं नाव द्यावं, अशी इच्छा सांगितली. त्यांनी नम्रपणे सांगितलं, की खोल्या पुरेशा आहेत, स्वयंपाकीणबाईंच्या पगाराची आणि गणिताच्या शिक्षिकेच्या मानधनाची ओढाताण आहे. मला फार लागलं. बायकोच्या नावाने मी पगार वाटू? ती स्वतः अखेरपर्यंत आळीतल्या मुलींचं गणित घ्यायची. मुलं म्हणतात, दुसरी संस्था बघा. मी काय करावं?
— एक वाचक, चिपळूण

सर, तुमच्या पत्रातली शेवटून तिसरी ओळ मी परत परत वाचली. तिच्याकडे येण्याआधी माझ्या घरातलं एक सांगते.

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. मी तेव्हा धडधाकट होते आणि चाळीसएक घरांत माझी रोजची ये-जा होती. चार दिवसांत मी कपड्यांची अकरा गाठोडी जमवली. कुणी काय घातलंय ते उघडून पाहिलं नाही. ट्रकमध्ये चढवताना छाती भरून आली होती. तिथे नेमकं काय हवंय हे विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आमच्या घरात आली. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ आहे. गावभागातलं माझं तळमजल्याचं घर माळ्यापर्यंत बुडालं. नऊ दिवसांनी परत आले तेव्हा पलंगावर वीतभर चिखल होता आणि गव्हाच्या कोठीतून आंबूस वास येत होता. आणि मग चौकात गाठोडी यायला लागली. लांबलांबून, मायेने पाठवलेली. त्यांत जाड लोकरी कोट होते, लग्नातले झगमगीत घागरे होते, बटणं तुटलेले शर्ट होते. त्यांचा ढीग रस्त्याकडेला झाला, वरून पाऊस पडला आणि तोही चिखलच झाला. मला तेव्हा हवे होते : परकर, कोरडी काडेपेटी, फिनेल, खराटा, सुनेसाठी पॅड्स. आणि फावडं धरणारे हात. त्या ढिगापाशी उभी असताना मला माझी अकरा गाठोडी आठवली. किल्लारीला ती कुठल्या रस्त्याकडेला पडली असतील, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

तिसऱ्या दिवशी जतकडची काही पोरं आली. जत म्हणजे आमच्या जिल्ह्यातला कायम दुष्काळी तालुका. ते पिण्याच्या पाण्याचा टँकर घेऊन आले होते, आणि फावडी, घमेली, खराटे. त्यांतला एक उंबऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, ‘काकू, आधी काय काढू?’

मी म्हटलं, देवघर. त्याने देवघरातला चिखल हाताने काढला, फावडं न लावता.

चिपळूणकरांना हे वेगळं सांगायला नको. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीने तुम्हाला काय दाखवलं ते तुम्ही पाहिलंयत. सर, त्या वसतिगृहाने तुमचा अपमान केलेला नाही. ‘आधी काय काढू’ हे तुम्ही विचारायच्या आधीच त्यांनी उत्तर दिलं. खरं उत्तर द्यायला धीर लागतो. दोन लाख हातचे जातील, ही भीती असतेच. बहुतेक ठिकाणी ‘हो, लावू पाटी’ म्हणून मोकळे झाले असते. मुलं म्हणतात तशी दुसरी संस्था बघू नका. ही धरून ठेवा.

आणि आता ती ओळ. वहिनी मुलींचं गणित घ्यायच्या. त्या वसतिगृहाला गणिताच्या बाई हव्या आहेत. तुम्ही खोलीला नाव द्यायला निघालात, आणि त्यांनी तुम्हाला वहिनींची जागाच दाखवली.

हिशेब असा करा. दोन लाखांचे साठ भाग केले की महिन्याला तीन हजार तीनशे तेहतीस रुपये होतात. एकदम देऊ नका. पाच वर्षं, दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, वहिनींच्या जन्मतारखेला म्हणा हवं तर. आरडीत आपण पाच वर्षं भरतो आणि शेवटी एकदम घेतो, हे त्याच्या उलटं. शिक्षिकेला ही रक्कम कुठून येते ते माहीत असू द्या. अधूनमधून जा, तासाला मागच्या बाकावर बसा. नाव लावायला माझी अजिबात ना नाही. मेलेल्या माणसाचं नाव जगात कुठेतरी लिहिलेलं दिसावं, ही भूक खरी आहे. त्या तासाला वहिनींचं नाव द्या. वेळापत्रकात रोज लिहिलं जाईल, आणि मुली ते मोठ्याने म्हणतील.

एक व्यवहाराचं. संस्थेकडे देणगीवरच्या करसवलतीची नोंदणी (८०जी म्हणतात ती) असेल तर करात सवलत मिळते, पण तुम्ही जुन्या करपद्धतीत असाल तरच. दोन हजारांच्या वर रोख दिलं तर ती मिळत नाही, म्हणून चेकने किंवा बँकेतून द्या आणि वर्षाअखेर देणगीचं प्रमाणपत्र मागून घ्या. पाच वर्षांची रक्कम बाजूच्या खात्यात ठेवा आणि मुलांना त्या खात्याची माहिती द्या. तुमचं वय ७३ आहे, आणि हप्ते साठ आहेत. मधेच काही झालं तर उरलेले मुलांनी भरायचे. तेही त्यांना आत्ताच सांगा.

काकू, गावात माझ्या नवऱ्याला सगळे दानशूर म्हणतात. सप्ताहाला अकरा हजार, कुणाच्या ऑपरेशनला पाच, गणपतीला मांडवाचा खर्च. मुलीची डिप्लोमाची फी दोन वर्षं माझ्या भावाने भरली. बोललं तर म्हणतात, देणाऱ्याला देव देतो. माझंच मन कोतं आहे का?
— एक वाचक, फलटण तालुका

नाही, ताई. तुमचं मन कोतं नाही.

तुमच्या शेजारच्या साताऱ्याची गोष्ट नवऱ्याला ठाऊक असेल. कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढलं. पोरांना खायला घालायला काही उरलं नाही, तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, अखेर मंगळसूत्रही. आपण सगळे ही गोष्ट सांगताना गहिवरतो. पण त्यांनी स्वतःच्या गळ्यातलं दिलं. तुमच्या घरी मात्र लेकीच्या फीचे पैसे दुसऱ्यांना दिले जातायत आणि भार भावावर पडतोय. जे आपलं नाही ते देता येत नाही, एवढंच नवऱ्याला सांगायचं आहे.

भांडणाच्या वेळी सांगू नका. पगार किंवा उसाचं बिल येईल त्या दिवशी कागद घेऊन दोघं बसा. आधी फी, मग भावाचे पैसे परत करायचा हप्ता, मग घर. उरेल त्यातला एक भाग, कितीही असो, द्यायचा म्हणून वेगळा काढा आणि तो त्यांच्याच हातात ठेवा. त्यांचं देणं बंद पाडू नका. त्या माणसाला कुणाचं दुःख बघवत नाही, हा गुण आहे, आणि तो तुमच्या मुलीने घ्यावा असाच आहे. कागद घेऊन बसताना लेकीलाही बसवा. बापाने तिच्यासमोर आकडे लिहिले की पुढचं बहुतेक तिथेच मिटेल.

काकू, माझं वय ६८. यंदाचा माझा एकच संकल्प आहे, नेत्रदान. फॉर्म भरून कार्ड घेतलं, पर्समध्ये ठेवलं. मी एकटी राहते, मुलगा न्यू जर्सीला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, मधुमेह आहे. माझे डोळे चालतील का? आणि आणखी काही करायचं राहिलंय का?
— एक वाचक, फोंडा, गोवा

डोळे चालतील. घ्यायची असते ती बुब्बुळावरची पारदर्शक पटलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन, चष्मा, मधुमेह, वय, यातलं काही आड येत नाही. दोन डोळ्यांतून दोन माणसांना दिसू शकतं. रेबीज, एड्स, कावीळ ब किंवा क, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग असे काही आजार असले तरच घेत नाहीत.

राहिलेलं मात्र बरंच आहे. या संकल्पाचा शेवटचा हप्ता आपल्याला भरता येत नाही, तो दुसऱ्यांनीच भरायचा असतो. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. नुसत्या कार्डाने होत नाही, जवळच्या नातेवाइकांची संमती लागते. तुमचे सहा तास सुरू होतील तेव्हा न्यू जर्सीत रात्र असेल, मुलाचा फोन बंद असेल, आणि पर्स कुठे आहे हे कुणालाच माहीत नसेल. माझ्या एका मैत्रिणीचं असंच झालं. कार्ड तेराव्याला सापडलं.

म्हणून या रविवारी मुलाला फोन करा. ‘मी गेल्यावर’ हे शब्द उच्चारून सांगा. तो विषय टाळेल. टाळू देऊ नका. रात्री फोन उचलायचा, आणि हो म्हणायचं, हे त्याच्याकडून वदवून घ्या. फोंड्यातल्या एखाद्या भाच्यालाही यात घ्या, सही करायला जवळचं माणूस हाताशी हवं. मग शेजारच्या घरी जा. ज्या घरातलं माणूस सकाळी तुमचं दार उघडलं नाही तर पहिल्यांदा येईल, त्या घरी. त्यांना चार गोष्टी सांगा : नेत्रपेढीला लगेच फोन करायचा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची. माणसं घरीच येतात, अर्ध्या तासात काम होतं, चेहरा बिघडत नाही. हे शेवटचं नक्की सांगा, कारण लोक त्यालाच घाबरतात आणि बोलत नाहीत.

कार्ड पर्समधून काढा. मी माझं फ्रिजच्या दारावर लावलंय, नेत्रपेढीचा नंबर मोठ्या आकड्यांत लिहून. समोरच्या घरातली सातवीतली मुलगी रोज संध्याकाळी बर्फ न्यायला येते. परवा तिने विचारलं, ‘आजी, हा नंबर कुणाचा?’ मी सांगितलं. तिने तो पाठ करून दाखवला, आणि मग बर्फाचा ट्रे घेऊन गेली.